सांडपाण्याच्या हौदाचा तोरा

नाकाला पदर न लावता जरा जवळ या. मी बोरीवलीतल्या एका सोसायटीच्या मागचा सांडपाण्याचा हौद आहे आणि मला माझं कौतुक स्वतःच सांगायचंय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

इथल्या सगळ्या घरांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी माझ्याकडे येतं. माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू राहतात. तळाच्या नळ्यांतून त्यांना हवा मिळते आणि तुमची घाण हेच त्यांचं जेवण. त्यांचं पोट भरलं, गाळ खाली बसला, की वरचं पाणी वाळूतून गाळून नितळ निघतं. त्यावर सोसायटीची बाग जगते आणि उरलेलं शेजारच्या नदीत जातं. ती नदी नॅशनल पार्कातून स्वच्छ येते. निदान माझ्यामुळे तरी ती घाण होत नाही, याचा मला मोठा अभिमान आहे.

बिल्डरने मला बांधलं, पण विजेचं बिल नको म्हणून सोसायटीने बंदच ठेवलं होतं. डासांनी माझ्यात संसार थाटले होते. वनमालावहिनी सेक्रेटरी झाल्या आणि सगळ्यांशी भांडून त्यांनी मला सुरू केलं. दुसऱ्या मजल्यावरचे श्यामकांतकाका तेव्हापासून माझ्याजवळून जाताना इस्त्रीचा रुमाल नाकाला लावतात. माझा वास येत नसतानाही.

गेल्या दिवाळीआधी वहिनींनीच एक घोळ घातला. हौसेने त्यांनी सोसायटीत स्वच्छ घराची स्पर्धा ठेवली. मग काय, घरोघरी ॲसिड, फिनाईल, ब्लीचिंग पावडर. बाथरूम लखलखल्या आणि ते सगळं एकाच रविवारी माझ्या पोटात उतरलं. माझे जिवाणू मेले. मी काळा पडलो आणि खरंच सडका वास मारू लागलो. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

माझ्या काठावरच मीटिंग भरली.

"वहिनी, बंद करा ना हे लफडं," काका रुमालाआडून म्हणाले. "पाणी सरळ नदीत सोडा."

"काका, वाट मी लावलीय, त्याची चूक नाही," वहिनी म्हणाल्या. "तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा. नाही सुधारला तर मीच कुलूप लावते."

माझी देखभाल करणारा जयवंत म्हणाला, "ताजं शेण लागेल. त्यातून नवे जिवाणू येतील."

वसुबारसेला बायका फराळात गुंतलेल्या असताना वहिनी टेम्पो घेऊन आरे कॉलनीतल्या तबेल्यात गेल्या. तिथे होत्या म्हशी. त्यांनी म्हशींनाच हळदकुंकू वाहिलं आणि शेणाच्या पाट्या भरून आणल्या. शेण पाण्यात कालवून, गाळून जयवंतने माझ्यात ओतलं. वहिनी काठावर वाकून मालवणीत पुटपुटल्या, "जगतलस मा रे, बाबा?"

असं कोणी विचारल्यावर न जगून कसं चालेल? आधी नुसता फेस आला. मग हळूहळू माझा रंग काळ्याचा तपकिरी झाला आणि वास गेला. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी जयवंतने काचेच्या ग्लासात माझं पाणी धरलं. त्यातून पलीकडच्या वहिनींचा चेहरा स्पष्ट दिसत होता. त्या रडत होत्या.

तेव्हापासून घरोघरी सफाई जपून होते. तुम्हीही मोरीत बाटली उपडी करताना हात आखडता घ्या. खाली कोणीतरी जेवायला बसलेलं असतं.

परवा माघी गणपती झाला. काकांच्या घरी मूर्ती येते. सकाळी ते माझ्या शेजारच्या जास्वंदीपाशी आले. वहिनी म्हणाल्या, "काका, ही फुलं कुठल्या पाण्यावर फुलतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," काका म्हणाले. मग त्यांनी नाकावरचा रुमाल काढला, माझ्या काठावर पसरला आणि गणपतीसाठी एकेक फूल त्यात ठेवू लागले.