घोड्यांचा हौद

वॉशिंग्टन शहराचा अर्थसंकल्प तयार करताना ल्यूशस टॉलिव्हरला दर वर्षी एक बळीचा बकरा शोधावा लागायचा. कर भरायचे शहरातल्या लोकांनी, पण तो पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवायची संसदेची उपसमिती. त्या समितीतल्या एकालाही या शहराने निवडून दिलेलं नव्हतं, कारण संसदेसाठी इथल्या माणसाला मतच नव्हतं. सभापती क्रॅब्ट्री सातशे मैलांवरून निवडून यायचे आणि इथल्या गल्लीतल्या दिव्यांवर कुऱ्हाड चालवायचे. काहीतरी कापल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. म्हणून शहराच्या हिशेब कचेरीतला ल्यूशस एक खुळचट मागणी मुद्दाम घुसडून ठेवायचा. एकदा पितळी कचरापेट्या, एकदा झाडूवाल्यांना रेशमी टाय. क्रॅब्ट्री ती थाटात कापायचे, पेपरात त्यांचा फोटो यायचा आणि बाकीचं सगळं बिनबोभाट पार पडायचं.

या वर्षी ल्यूशसला एकच गोष्ट पार पाडायची होती, ती म्हणजे डीनवुड वस्तीतला पोहण्याचा तलाव. गेल्या उन्हाळ्यात उकाड्याने हैराण झालेली पोरं नदीत उतरली होती आणि त्याच्या बहिणीच्या मुलीला, लोरेटाला, लोकांनी अर्धमेली बाहेर काढलं होतं. तिचे ते निळे पडलेले ओठ त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. तलाव नीट पार पडावा म्हणून बकराही तसाच गलेलठ्ठ शोधला होता. डीनवुडमध्येच, पोलिसांच्या घोड्यांसाठी दगडी हौद!

सुनावणीत क्रॅब्ट्रींनी चष्मा पुसला.

"काय रे ल्यूशस, हे घोड्यांचं काय काढलंयस?"

"उधळपट्टीच आहे साहेब," ल्यूशस मान खाली घालून म्हणाला. "कापलीत तरी चालेल."

"कापू? अरे, माझा बाप घोड्यांचा व्यापारी होता!" सभापतींची कळी खुलली. "या शहराने पहिल्यांदाच शहाणपणाचं काही मागितलंय. पण नुसतं प्यायचं पाणी काय कामाचं? उन्हाळ्यात घोड्याला पोटापर्यंत पाण्यात उतरू द्यावं लागतं. सगळं पथक एकदम उतरेल एवढा बांधा. पाणी स्वच्छ ठेवा, घोड्याचं पोट फार नाजूक असतं. लिहून घ्या सगळं! आणि हा पोरांचा तलाव कशाला? नदी आहे ना?"

तलाव कापला गेला. हौद दुप्पट पैशांनी मंजूर झाला.

ल्यूशसच्या तोंडचं पाणीच पळालं. डाव असा अंगलट आला होता की कोणाला सांगायचीही सोय नव्हती. बहिणीला मात्र सांगावं लागलं. अर्नेस्टीनने तळलेल्या माशाचं सँडविच त्याच्यापुढे आदळलं.

"वा रे हुशार! पोरं गेली नदीत आणि घोडे करणार अंघोळ."

"अगं, मला काय माहीत त्याचा बाप घोडे विकायचा!"

"तुला कधी काय माहीत असतं?" ती चिडून भांडी घासू लागली. मग मध्येच थांबली. "एक सांग, घोड्याचं पोट जमिनीपासून किती उंच असतं?"

"असेल तीनेक फूट."

"आणि आपल्या लोरेटाची हनुवटी?"

ल्यूशसचा घास हातातच राहिला.

"अर्नेस्टीन, माझी नोकरी जाईल."

"का म्हणून? हौद बांधायला सांगितलाय ना? मग हौदच बांध की."

त्याने हौदच बांधला. सगळं पथक मावेल एवढा लांबरुंद, घोड्याच्या पोटाएवढा खोल. घोड्यांना उतरायला उतार होता आणि त्यांच्या नाजूक पोटासाठी पाणी गाळायचं यंत्र. स्वारांना कपडे बदलायला दोन खोल्या होत्या, एक पुरुषांसाठी आणि एक कशासाठी, हे कोणी विचारलं नाही.

जुलैत क्रॅब्ट्री पांढरी टोपी घालून उद्घाटनाला आले. काठावर पोलिसांची एक म्हातारी घोडी उभी होती आणि पाण्याला तोंडही लावत नव्हती. पाण्यात डीनवुडची झाडून सगळी पोरं होती आणि मधोमध लोरेटा तोंडाने कारंजी उडवत होती.

सभापती लालबुंद झाले. "ल्यूशस! हा हौद घोड्यांसाठी होता! पुढच्या वर्षी तुझ्या शहराला दमडी देणार नाही!"

ओल्या हातांनीच अर्नेस्टीन पुढे झाली.

"साहेब, या शहरात घोड्याला मत नाही आणि आम्हालाही नाही. तरी पाणी तुम्ही घोड्याला दिलंत. म्हटलं, घोड्यांच्या रांगेत उभं राहून बघावं, मिळतंय का."

तेवढ्यात लोरेटा उतारावरून धावत वर आली आणि टोपीवाल्या आजोबांनाच हौदाचा मालक समजून म्हणाली, "थँक्यू! खूप छान आहे!" फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला. पेपरात छापून आलं, 'मुलांचे लाडके सभापती'. पुढचा आठवडाभर क्रॅब्ट्री ते कात्रण खिशात घेऊन हिंडत होते म्हणे.

पुढच्या वर्षीच्या सुनावणीला ल्यूशस बकऱ्याशिवायच गेला. क्रॅब्ट्रींनी कागद बाजूला सारले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"बोल. घोड्यांना या वर्षी काय हवंय?"

ल्यूशसला ठाऊक होतं, डीनवुडच्या पोरांना शाळेबाहेर एक पुस्तक मिळायचं नाही.

"वाचनालय, साहेब."

समितीत कोणी तरी खोकलं. सभापतींनी कागद पुन्हा पुढे ओढले. मग त्यांनी पेन उघडलं.

"केवढं?"