डांबरगोळ्याचा डूख

ऐका, मी लोखंडी गोळा बोलतोय, आणि माझा राग अजून निवलेला नाही.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एका लोहाराने माझी जोडी घडवली. लांब दांडी, टोकाला दोन मुठींएवढं डोकं. मला विस्तवात लाल करायचं आणि डांबराच्या बादलीत बुडवायचं, म्हणजे डांबर पातळ होतं, बोटीच्या फटीत उतरतं. बादलीच विस्तवावर ठेवली तर डांबर भडकतं. म्हणून एक गोळा बादलीत, दुसरा विस्तवात, आणि पाळी कुणी मोडायची नाही, असा तिथला रिवाज.

हेंडर आणि त्याचा मेहुणा पास्को एकाच विस्तवावर काम करायचे. एकदा भरती चढत आली आणि दोघांच्याही बोटी अर्धवट. पास्कोने मला उचललं.

"ठेव तो. पाळी माझी आहे," हेंडर म्हणाला.

"मोजत बस पाळ्या. तुझी बोट तशीही पुढच्या वर्षीच निघायची."

हेंडरने दुसरा गोळा उचलला. पास्कोने मला फिरवलं, ते थेट त्याच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचं मला दांडीपर्यंत कळलं. फटी सांधायला जन्मलो मी, आणि मला माणूस फोडायला लावलं.

इंग्रजीत माझं नाव लॉगरहेड. दोघांचं जुंपलं की तिकडे म्हणतात, 'आले लॉगरहेडवर.' ते आमच्यावरूनच पडलं, असं काही जण सांगतात. काही म्हणतात, त्याआधी ते ठोंब्या माणसाचं नाव होतं. खरंखोटं मला ठाऊक नाही. भांडायचं यांनी आणि बदनाम मी.

हेंडरची बोटं पुन्हा वळली नाहीत. त्याच्या जागी त्याची बायको टॅमसिन, पास्कोची सख्खी बहीण, कामाला उभी राहिली. त्यांची तान्ही मुलगी लव्हडे आडोशाला टोपलीत. ठिणगी उडाली की टॅमसिनचा जीव आधी टोपलीकडे धावायचा.

एक दिवस पास्कोची बोट तिच्यापुढे आली. तिने मला विस्तवातून लवकर काढलं. मी नुसता कोमट. डांबर वरवर बसलं, फटीत उतरलंच नाही. खोल पाण्यात ते सुटणार हे तिला कळत होतं. मलाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या सकाळी हेंडर बूट चढवून किनाऱ्यावर आला.

"कुठे निघालास?" टॅमसिनने विचारलं.

"पास्कोच्या बोटीवर. सुकाणू एका हाताने धरता येतं म्हणतो. दुसरं कोण घेणार मला?"

"त्याच्या बोटीवर?"

"लाज गिळलीय मी, आता उकरू नकोस. पोरीला दूध लागतं."

टॅमसिन पांढरीफटक पडली. तशीच भावापुढे गेली.

"दादा, बोट सोडू नकोस. खालची फट मी कच्ची ठेवलीय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

पास्कोने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा हेंडरकडे. "ओहोटी आहे तोवर उरकून टाक."

"मी नाही. तू उरकायचंस. उजवा हात पाठीशी बांधून."

"वेडी झालीस काय?"

"हेंडर रोज कसा जगतो ते तुला कळू दे. नाहीतर जा तसाच, एकटा."

तिने स्वतः गाठ मारली. पास्को बोटीखाली आडवा झाला. मी त्या दिवशी जीव तोडून तापलो. डाव्या हाताने त्याला मी धड पेलेना, डांबर मनगटावर सांडलं, कातडी सोलली. तो ओठ चावत राहिला. टॅमसिन या टोकापासून त्या टोकापर्यंत फट तपासत बसली. बोट गेली आणि सुखरूप परत आली. भाऊबहीण मात्र पुन्हा एका टेबलाशी जेवले नाहीत.

आता मी संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात थंड पडलोय. बघायला आलेली नवराबायको माझ्यासमोरच कुजबुजत भांडतात. खुशाल भांडा. फक्त हातात काय आहे, ते आधी खाली ठेवा. पास्कोला मी माफ केलेलं नाही. तुम्हालाही करणार नाही.