गालावरचा हात

रोक्कासेल्वा गावाच्या वेशीवर एक मोठी पाटी आहे आणि तिच्यावर एजिदियोचा तरुणपणचा फोटो आहे. काखेत झाम्पोन्या, म्हणजे बोकडाच्या अख्ख्या कातड्याची फुगवलेली पिशवी आणि तिच्यात खोचलेल्या लाकडी नळ्या. डावा हात नळीवर, उजवा गालावर. खाली लिहिलंय, ‘डोंगराचं ऐकणारं गाव’.

एजिदियो त्या दिवशी डोंगराचं ऐकत नव्हता. त्याची दाढ दुखत होती.

या गोष्टीला शेहेचाळीस वर्षं झाली. शहरातून एक संशोधक टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. उन्हाळ्यात मेंढरं डोंगरावर नेताना वाजवायची एक चाल एजिदियो बापाकडून शिकला होता, ती त्याने वाजवली. शेजारी त्याचा दोस्त प्रोस्पेरो सनई वाजवत होता. चाल संपेपर्यंत दाढेतून तीन वेळा अशी कळ गेली की उजवा हात आपसूक गालावर गेला. दोन हातांना दोन वेगळ्या नळ्या असतात; हात सुटला की त्या हाताच्या नळीची सगळी भोकं उघडी पडतात आणि ती डुक्कर कापल्यासारखी किंचाळते. तशी ती तीनदा किंचाळली. हे काय, असं संशोधकाने विचारलं. एजिदियोला तोंड उघडवत नव्हतं, म्हणून त्याने नुसती मान हलवली. पुढे पुस्तक निघालं. त्यात या किंचाळीचं नाव ‘मेंढपाळाची हाक’ असं होतं आणि तिच्यावर सतरा पानं होती.

मग बरीच वर्षं झाम्पोन्या कुणाला नकोच होती, त्यामुळे काही बिघडलं नाही. बिघडलं ते शाळेतून निवृत्त झालेल्या ओर्नेल्लाबाईंनी लोकसंगीत वाचवायचं मंडळ काढल्यावर. आता मंडळात अकरा विद्यार्थी आहेत. ते चालीतल्या ठरल्या जागी एकाच वेळी उजवा हात गालावर नेतात आणि अकरा नळ्या एकदम किंचाळतात. डाव्या हाताने हाक द्यायची म्हणून एका डावखुऱ्या मुलीला लेखी अर्ज करावा लागला.

एजिदियो या मंडळाचा मास्तर. पहिल्या वर्षी त्याने खरं सांगितलं नाही, कारण लोक आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाकून नमस्कार करत होते. दुसऱ्या वर्षी सांगायचं राहून गेलं. त्यानंतर वेशीवर पाटी लागली.

यंदा मात्र प्रोस्पेरो जर्मनीला लेकीकडे कायमचा निघाला. गावच्या देवीची मिरवणूक झाली की दुसऱ्या दिवशी सकाळची बस. बापाची सरळ चाल गावात या दोघांनाच ठाऊक होती.

“लेका, जायच्या आधी एकदा ती धड वाजवू,” प्रोस्पेरो म्हणाला. “तिथे लेकीच्या वर राहणारे लोक मी खोकलो तरी दारात चिठ्ठी टाकतात. सनई काढली तर मलाच काढतील.”

एजिदियो टोपी हातात घेऊन ओर्नेल्लाबाईंकडे गेला आणि दाढेपासून सगळं सांगून टाकलं. बाईंनी कॉफी दिली, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“मास्तर, दुखलं म्हणूनच तर ती हाक खरी आहे,” त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात मंडळाच्या माहितीपत्रकात ‘वेदनेतून जन्मलेली हाक’ असा नवा परिच्छेद आला. मास्तर थकलेत असंही बाईंना वाटलं असावं, कारण मिरवणुकीत त्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दणकट विद्यार्थी दिला.

देवीची मूर्ती खांद्यांवर घेऊन माणसं चढण चढू लागली. चालीतली हाकेची पहिली जागा आली. एजिदियोने दात आवळले आणि बोटं नळीवर घट्ट दाबून धरली. आजूबाजूला आणि मागे अकरा नळ्या किंचाळल्या. त्याचा एकट्याचा सूर त्यात बुडाला, आणि गावाला दिसलं ते एवढंच, की मास्तर हाक विसरले.

“मास्तर, हात,” डावखुरी मुलगी मायेने कुजबुजली.

पुढच्या दोन्ही जागांना त्याने हात उचलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बसला अर्धा तास असताना दोघे शेळ्यांच्या गोठ्यात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. गोठ्यात अकरापैकी कोणी नव्हतं, बाई नव्हत्या, आणि दाढ तर केव्हाच उपटलेली होती. एजिदियोने पिशवी फुगवली. चाल छान निघाली. पहिली जागा आली आणि त्याचा उजवा हात उठून गालावर गेला.

“आता इथे कोण बघतंय?” प्रोस्पेरो म्हणाला.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हात गेला. तिसऱ्या वेळी प्रोस्पेरोने खिशातून रुमाल काढला आणि एजिदियोचं उजवं मनगट नळीला करकचून बांधलं. हात राहिला जागेवर, पण बोटं सगळीच्या सगळी उघडली आणि नळी किंचाळली. शेळ्या भिंतीला सरकल्या.

“पुढे काय आहे तिथे?” एजिदियोने हळूच विचारलं. “बाबा काय वाजवायचे?”

प्रोस्पेरोने सनई ओठांना लावली, दोन सूर काढले आणि थांबला. डोळे मिटून पुन्हा ते दोन सूर काढले. पुन्हा तिथेच थांबला.

खालच्या चौकात बस येऊन उभी राहिल्याचा आवाज आला. एजिदियो मनगटाची गाठ सोडू लागला, पण प्रोस्पेरोने नको म्हणून मान हलवली आणि सुरुवातीपासून घ्यायची खूण केली. दोघांनी चाल धरली. जागा आली तेव्हा नळी किंचाळली, आणि प्रोस्पेरोनेही सनईची सगळी भोकं उघडी सोडली.