दहा शाबासक्या

"दहा शाबासक्या हव्यात. आणि हुकूम, प्रश्न, टोमणे मिळून तीनच चालतील," समुपदेशक बाईंनी पुन्हा बजावलं आणि त्या शेजारच्या खोलीत गेल्या. मधल्या भिंतीत काच होती. बाईंना तिच्यातून सगळं दिसे. आईला दिसे फक्त स्वतःचा उतरलेला चेहरा. एरवी काय बोलावं ते बाई तिला कानातल्या यंत्रातून सुचवत. आज परीक्षा, म्हणून यंत्र मुकं.

लेकीबरोबर पाच मिनिटांचा खेळ. त्यावरून ठरणार होतं, पाच वर्षांची बिट्टी घरी येणार की मावशीकडेच राहणार. आठ महिन्यांपूर्वी आईचा हात तिच्यावर उठला होता. एकदा नव्हे, अनेकदा, आणि ते शाळेच्या लक्षात आलं. तेव्हापासून तिने इथला एकही मंगळवार चुकवला नव्हता. शाबासकीचा सराव तर इतका, की 'आज अजिबात गळला नाहीस, छान!' असं ती नळाला म्हणत असताना शेजारणीने ऐकलं आणि हिला वेड लागल्याची बातमी मजलाभर झाली.

"लाल ठोकळा किती जपून ठेवलास!" आईने सुरुवात केली. एक. तोंडावर हसू ठेवलं. हाताच्या बोटांवर मोजलं तर काचेतून दिसेल, म्हणून ती चपलेतल्या बोटांवर मोजत होती.

पण सवय कुठली जायला? "हे घर आहे का?" प्रश्न. "नीट बस." हुकूम. "अगं, असं कुठे असतं दार!" टोमणा. तिने जीभ चावली. तीन झाले. आता एक शब्द वाकडा गेला की संपलं.

आठवी शाबासकी झाली आणि खेळण्यांच्या पेटीचं झाकण धाडकन बिट्टीच्या बोटावर पडलं. पोरीने हूं की चूं केलं नाही. हात पाठीमागे लपवला आणि म्हणाली, "काही नाही झालं."

नववी आयतीच चालून आली होती. 'किती शहाणी, रडली नाहीस!' शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात आईला दिसलं, बिट्टी पेटीकडे बघतच नव्हती. ती आईच्या हाताकडे बघत होती. लागलं की आधी आईला घाबरायचं, हे हिला शिकवलं कोणी? दुसरं कोण शिकवणार!

"लागलं का गं?" चौथा. "दाखव मला." पाचवा. आठ महिन्यांवर पाणी पडलं.

बिट्टी जागची हलली नाही. "ओरडणार नाहीस?"

"नाही ओरडणार."

हात हळूहळू पुढे आला. बोट लालबुंद झालं होतं. आईने फुंकर घातली, आणि बिट्टीने भोकाड पसरलं. आईसमोर असं मोकळं ती कधी रडली होती, ते आईला आठवेना.

घंटा वाजली. बाई कागद घेऊन आल्या. "आठ शाबासक्या, पाच चुका," त्या हलकेच म्हणाल्या. "मला खोटं लिहिता येणार नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा बघू."

आईने मान हलवली. मांडीवरच्या बिट्टीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने बाही वर सरकवली. "हे मावशीकडे पडले तेव्हाचं. हे शाळेतलं." मग कानावरचे केस बाजूला करून तिने एक जुना पांढरा व्रण दाखवला आणि आईचा चेहरा निरखला. "आणि हे तुझं."

आईला तोंड लपवावंसं वाटलं. तिने लपवलं नाही.

"हो गं. माझंच."

"मग तिथेपण फुंकर घाल," बिट्टी म्हणाली.