अर्ध्या मिनिटात भरलेली बाटली

कमलिनीनं लाल पेनचं टोपण काढलं आणि सातव्या आलेखावर भलीमोठी फुली मारली. गेला पाऊण तास ती या एका फुलीच्या शोधात होती.

स्टाफरूममध्ये तिसऱ्या तासाला ती एकटीच असे. टेबलावर आठवी-बच्या मुलांनी काढलेले दहा आलेख पसरले होते आणि शेजारी दहा चिठ्ठ्या. चिठ्ठीवर रोजच्या व्यवहारातला एखादा प्रसंग, आणि कोणत्या प्रसंगाचा कोणता आलेख हे मुलांनी ओळखायचं, असा तो खेळ. जवाहर चौकातल्या कढईत समोसे पडले की तेल किती निवतं आणि पुन्हा कसं तापतं. कोटऱ्याच्या वस्तीत नळ आला की टाकी कशी भरते. मामा राहायला आले की डब्यातली शेव कशी उतरते. वर्षापूर्वी आलेली स्वरदा म्हणे गणित असं शिकवायची! कमलिनीनं तीस वर्षं गणित शिकवलं होतं. शाळेभोवतीच्या तुलसी नगरातल्या निम्म्या घरांत तिची बोलणी खाल्लेलं कुणी ना कुणी सापडलं असतं. पण तिच्या फळ्यावर शेव कधी आली नव्हती.

मुलं मात्र स्वरदासाठी जीव टाकत. तास संपला तरी तिच्याभोवती घोळका, जिन्यात ‘मॅडम, मॅडम’चा गजर. कमलिनी समोरून आली की तोच घोळका भिंतीला चिकटून वाट देई. पूर्वी तिला हा मान वाटे, हल्ली तो बोचू लागला होता. ती स्वरदाचा हेवा करत होती, चांगला ठसठसणारा हेवा, आणि बाईला स्वतःलाही ते ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी या हिंदी शाळेत स्वरदा मराठी ऐकून हरखली आणि तिला ‘मावशी’ म्हणाली, तेव्हा कमलिनीनं तिथल्या तिथं सुनावलं होतं, “शाळेत मॅडम म्हणायचं.”

स्वरदाचं प्रोबेशन सोमवारी संपत होतं. तिला कायम करायचं की नाही, हे विभागप्रमुख कमलिनीच्या अहवालावर ठरणार होतं. “आप जो लिखेंगी, वही होगा,” असं प्राचार्य म्हणाले होते. अहवालात आतापर्यंत एकच ओळ लिहून झाली होती: ‘फळ्याचा अर्धाच भाग वापरतात.’ चौथा तास स्वरदाचा आणि पाचवा त्याच वर्गात कमलिनीचा, त्यामुळे फळ्याची उजवी बाजू रोज कोरी करकरीत राहते हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण एवढ्यावरून कुणाची नोकरी जात नाही. दुसरी चूक हवी होती.

ती आता सापडली होती. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर बाटलीतलं पाणी. रेघ अर्ध्या मिनिटात सरळ वर चढली होती आणि मग तशीच आडवी, थेट बारा मिनिटांपर्यंत गेली होती. चिठ्ठी ‘कूलर पर बोतल’ एवढीच, अन् त्याच्यापुढचं खोडरबरानं घासघासून काळं केलेलं. बाटली भरली की गोष्ट संपली, मग ही रेघ पुढं कुठं निघाली? कमलिनीनं अहवालात दुसरी ओळ लिहिली: ‘आलेख कुठं थांबवावा, हेही विद्यार्थ्यांना कळत नाही.’

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि स्वरदा आत आली. कमलिनीनं कागद पुढं सरकवला.

“हा कुणाचा?”

स्वरदानं लाल फुली पाहिली. तिचा हात उगाचच ओढणीकडे गेला.

“पूजाचा. बरोबर आहे तो, मॅडम.”

“बरोबर? भरलेली बाटली बारा मिनिटं काय करतेय?”

स्वरदानं कागद पालथा ठेवला. मग म्हणाली, “राहू दे ना मॅडम. चूक धरा. माझ्याच नावावर धरा.”

एवढ्या सहज हार मानलेली पाहून कमलिनीला गोड वाटायला हवं होतं. पण चूक तिला शिकवणारीकडून नव्हे, शिकणारीच्या तोंडून वदवून घ्यायची होती. ती व्हरांड्यात गेली आणि डबा खात बसलेल्या पूजाला तिनं बाजूला बोलावलं.

“बोतल तो भर गई ना बेटा? फिर लाइन आगे क्यों खींची?”

पूजानं घास गिळला. तिला प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं.

“क्योंकि आप उसके बाद भी वहीं खड़ी रहती हैं, मॅडम. बारह मिनट. मैंने तीन दिन घड़ी देखी थी.”

स्टाफरूममधल्या मटक्याचं पाणी कमलिनीला हल्ली रुचत नव्हतं. चौथ्या तासाला ती बाटली घेऊन आठवी-बच्या खिडकीजवळच्या कूलरवर जाई. भरता भरता कानावर काही पडलं, तर त्याला तिचा काय इलाज होता! आजवर तिनं स्वतःला असंच सांगितलं होतं.

“स्वरदा मॅडम को दिखाया था?”

“हाँ. बोलीं, ग्राफ एकदम सही है. बस चिठ्ठी से कमलिनी मॅडम का नाम मिटा दो.”

कमलिनीचे कान तापले. “जा, खाना खा ले,” म्हणत ती मागं फिरली.

चौथा तास सुरू झाला. ती बराच वेळ बाटलीकडे पाहत बसली आणि मग उठून कूलरवर गेलीच. आत स्वरदा लिहीत होती. कमलिनीनं आज पहिल्यांदा ती काय लिहिते याच्याऐवजी इथून काय काय दिसतं ते पाहिलं. खिडकीला लागून लोखंडी कपाट होतं आणि त्याच्याआड फळ्याची अख्खी उजवी बाजू गेली होती. डावी मात्र वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसत होती.

आतून एक बारीक आवाज आला, “मॅडम, उधर भी लिखिए ना, पूरा खाली है.”

“इधर लिखने से सबको दिखता है,” स्वरदा म्हणाली. खिडकीकडे तिनं पाहिलं नाही.

पाणी बाटलीतून उतू जाऊन कमलिनीच्या चपलेवर सांडलं, तेव्हा तिनं नळ बंद केला. आज ती बारा मिनिटं थांबली नाही.

स्टाफरूममध्ये येऊन तिनं अहवाल पुढं ओढला. हेव्याची ती ठसठस गेली नव्हती, उलट आता जास्तच जाणवत होती. तिनं फळ्याची ओळ खोडली. मग आलेखाची खोडली. त्या दोन ओळी गेल्यावर कागदावर तारीख आणि स्वरदाचं नाव, एवढंच उरलं.