माझं नाक दोन इंच खाली आलं

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी एसयूव्ही आहे. वय वर्षं चौदा, मुक्काम वर्ध्याची नालवाडी. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या उडणाऱ्या ठिणग्या तेवढ्या आठवतात.

वीज कार्यालयातल्या बंडोपंतांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या पत्नी सुनीतीबाईंनी मला कुंकू लावलं होतं. पंतांनी मला जिवापाड जपलं. नाचणगाव, रोहणा, सगळीकडे मी त्यांच्यासोबत हिंडले. एकदा नागपुरात त्यांना एक उंच नाकाची गाडी दिसली आणि ती त्यांच्या डोळ्यांत भरली. माझ्या पुढच्या चाकांना पोलादाच्या दोन लांब दांड्या आहेत. त्यांना पीळ देणारा बोल्ट आवळला की माझं नाक वर जातं, सैल केला की खाली येतं. पंतांनी नत्थू मिस्त्रीकडून तो बोल्ट चांगला आवळून घेतला. मग काय विचारता! लग्नाला गेलं की नवरदेवाआधी लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. मलाही थोडी शिंगं फुटली होती, कशाला खोटं बोला.

मग पंतांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. तीन महिने मी कडुनिंबाखाली उभी होते. टपावर साळुंक्यांनी घाण केली, चाकांतली हवा उतरली, तरी कोणी पुसलं नाही. शेवटी पंतांनी पुलगावच्या एका गिऱ्हाइकाला रविवारी बोलावलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

सुनीतीबाई नाचणगावच्या शाळेत गणित शिकवतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी छोट्या गाडीवर शिकून परवाना काढला होता. विकण्याआधी मला एकदा चालवून बघू द्या, असं त्या म्हणाल्या. पण बाईंची उंची चार फूट दहा इंच. माझ्या सीटवर बसून त्यांना बोनेट दिसलं आणि त्यावरचं आभाळ दिसलं. रस्ता काही दिसेना. दोन उशा घेतल्या तर रस्ता दिसला, पण पाय क्लचला पुरेना. उशा काढून त्या कशाबशा कोपऱ्यापर्यंत गेल्या, तर पंतांची गाडी आपोआप चालते, असं कॉलनीतली पोरं सांगत सुटली.

पंत हसले. "राहू दे आता. ही गाडी तुझ्या मापाची नाई."

बाईंचा चेहरा उतरला. स्टिअरिंगवरचा त्यांचा हात घट्ट झाला, ते मला कळलं. त्या म्हणाल्या, "मग गाडीच माझ्या मापाची करू."

शनिवारी नत्थू मिस्त्री आला. नाक खाली करायचं म्हटल्यावर पंतांना जणू स्वतःची मिशी उतरवायला सांगितल्यासारखं झालं. पण बाईंपुढे त्यांचं काही चाललं नाही. नत्थूने मला जॅकवर घेतलं, बोल्ट सैल केला, खाली उतरवलं आणि वितीने मोजलं. काहीच फरक नाही! पुन्हा जॅक, पुन्हा बोल्ट, पुन्हा वीत. नाक जिथल्या तिथे. तिसऱ्या वेळी त्याने चिडून बोल्ट भरपूर सोडला आणि बाईंना म्हणाला, एक चक्कर मारून या.

मी दहा पावलं गेले आणि माझं नाक धपकन खाली बसलं. कॉलनीच्या गतिरोधकावर पोट असं खरडलं की अंगावर शहारा आला. पंत म्हणाले, झालं ना समाधान? उद्या येईल तो घेऊन जाईल.

नत्थू खजील झाला. बाई मात्र माझ्या चाकांजवळ उकिडव्या बसल्या, मागेपुढे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"नत्थूभाऊ, जॅकवरून उतरली की चाकं आत ओढलेलीच राह्यतात. गाडी चालल्याशिवाय ती पसरत नाईत, अन् नाकही खाली बसत नाई. आपण न चालवताच मोजून राह्यलो."

नत्थूने कपाळावर हात मारला. "मॅडम, तीस वर्षं झाली मले या कामात. आज घाईघाईत तेच इसरलो."

मग दोघांनी कसं काम केलं म्हणून सांगू! बोल्ट थोडा आवळायचा, मला कडुनिंबापासून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायचं, मग शाळेच्या टेपने दोन्ही बाजू मोजायच्या आणि आकडे खडूने भिंतीवर लिहायचे. सहा फेऱ्या झाल्या. माझं नाक पूर्वीपेक्षा बरोबर दोन इंच खाली आलं, डावं-उजवं अगदी समान. बाई पातळशी एकच उशी घेऊन बसल्या आणि त्यांचा पाय क्लचला टेकला. समोर रस्ता होता, रस्त्यावर एक शेळी होती, आणि बाईंनी शेळीसाठी हॉर्न वाजवला. इतका आनंद मला पहिल्या दिवशीही झाला नव्हता. संध्याकाळी चाकांची अलाइनमेंट झाली आणि माझे दिवेही नीट केले.

रविवारी पुलगावचा माणूस आला, तेव्हा बाई मला फाटकाबाहेर काढत होत्या. रोहण्याला बहिणीकडे जायचं ठरलं होतं. पंत चौदा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या डाव्या सीटवर बसले होते आणि पट्टा लावताना चाचपडत होते. त्या माणसाने किंमत विचारली. पंतांनी एकवार बाईंकडे पाहिलं.

"मले काऊन विचारता? गाडी हिची आहे. हिले विचारा."

बाईंनी सरळ पहिला गिअर टाकला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी गाडी असेल, तर तिला धूत जा, चाकांतली हवा बघत जा. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी आईला चालकाच्या सीटवर बसवून एवढंच विचारा, की आई, तुला समोरचा रस्ता दिसतो का?