पांढरी वावटळ आणि उसना दगड

मित्रांनो, डोक्यावर आभाळ पेलणारे या मुंबईत फार थोडे झाले. त्यांतला एक मी. मी एक जुना पत्रा आहे. वडाळ्याच्या मिठागराशेजारी, बुधाजीच्या झोपड्यावर, डावीकडून दुसरा.

उमेदीची वर्षं मी शिवडीच्या एका गोदामावर काढली. गोदाम पाडलं तेव्हा बुधाजीने मला डोक्यावरून घरी आणलं. इथे खाऱ्या वाऱ्यात खिळे टिकत नाहीत, म्हणून आम्हां पत्र्यांवर मोठाले दगड ठेवलेले असत. दगडांशी माझं कधी पटलं नाही. दिवसभर दुसऱ्याच्या पाठीवर बसून राहायचं, याला का काम म्हणायचं?

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मिठागरावरचे शामराव वस्तीत आले. हुद्दा कारकुनाचा, गळा पुढाऱ्याचा. रस्ता अडवायला दगड हवे होते आणि मिठागराच्या चिखलात दगड मिळणार कुठले? ते वर बघू लागले.

"महाराष्ट्र मिळाला, की ज्याचा दगड त्याला वाजतगाजत परत!"

बुधाजीची आई कमळाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अरे मेल्या, धोंडे नेलेस तर छप्पर कोण धरणार? तुझा बापूस?"

"मावशी, महाराष्ट्रासाठी एवढंसुद्धा नाही?"

"महाराष्ट्र हवाच आहे मला. छपराखाली बसून हवाय."

पण बुधाजीनेच दगड उतरवून दिले. अख्ख्या वस्तीने दिले. मला तर हलकं वाटलं.

पुढच्या वैशाखात एका दुपारी वारा पडला. खाजणातले बगळे एकदम उठले आणि परत बसले नाहीत. कुत्री खाटांखाली शिरली. वारा नव्हता, तरी मी थरथरू लागलो. मिठाच्या राशींपलीकडे एक पांढरा खांब उभा राहिला. वावटळ मातीची असते. ही मिठाची होती. ती आधी चालत आली, आवाज मागून आला. पहिलं झोपडं गेलं. दुसरं गेलं. सुटलेले पत्रे कोयत्यासारखे फिरू लागले, त्यामुळे बाहेर पळायची सोय उरली नाही.

माझ्या बरोबर खाली बुधाजीची बायको चंपा तान्ह्या राधाला पोटाशी धरून बसली होती. मी उडालो असतो, तर वासे त्या दोघींवर आले असते.

कमळाबाई पिंपावर पाय देऊन छपरावर चढल्या.

"आत्याबाई, आत या!" चंपा किंचाळली.

"आत येऊन काय करू? वर कोण बसेल?"

आणि त्या माझ्यावर बसल्या. मित्रांनो, वजनाला त्या जुन्या दगडाला हार जाणाऱ्या नव्हत्या. माझे भाऊबंद एकेक करून उठले आणि अँटॉप हिलच्या दिशेने गेले. मीही कडेने उचललो गेलो. कमळाबाई वासा घट्ट धरून, डोळे मिटून शिव्या देत होत्या. त्या शिव्या मुलांना सांगण्याजोग्या नाहीत. त्यांत शामरावांचं नाव वारंवार होतं, एवढंच सांगतो.

वावटळ गेली तेव्हा वस्ती उघडी पडली होती. एक पत्रा शिल्लक, त्याच्यावर मिठाने पांढरी झालेली म्हातारी. खालून राधाचं रडणं ऐकू आलं, तेव्हाच त्यांनी वाशावरची मूठ सोडली. शामरावांच्या पायावर माझ्या शेजारचा पत्रा पडला होता. तो पाय कायमचा अधू झाला.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी शामराव लंगडत पेढे घेऊन आले. कमळाबाईंनी पेढा कपाळाला लावला, खाल्ला.

"गोड आहे हो. धोंडा कुठाय?"

शामरावांनी दुसरा पेढा पुढे केला. दगड केव्हाच डांबराखाली गेले होते.

आता मी गंजलो आहे आणि कमळाबाईंना पिंपावर चढवत नाही. राधा खाली सागरगोटे खेळते आहे. आज सकाळपासून वारा पडलाय. आत्ताच खाजणातले बगळे उठले.

मित्रांनो, ज्यांनी दगड दिले त्यांना विसरू नका. आणि इकडे येणार असाल, तर येताना एक दगड आणा. चपटा असेल तर बरं. गोल घरंगळतो.